खोलीच्या मापाचे स्पीकर

खोलीची मापं हातात आल्याशिवाय एकाही स्पीकरचं माहितीपत्रक उघडायचं नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. स्पीकर बदलता येतात, अ‍ॅम्प्लिफायर बदलता येतो, भिंती मात्र सरकत नाहीत. आणि साधारण ३०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ३०० कंपनांच्या) खाली आपल्या कानावर काय पडणार हे ठरवण्यात स्पीकरइतकाच, कधीकधी त्याच्याहून जास्त, वाटा भिंतींचा असतो. मला हवे होते छोटे, टू-वे बुकशेल्फ स्पीकर: खालच्या सुरांसाठी एक वूफर, वरच्या सुरांसाठी एक ट्वीटर आणि दोघांत काम वाटून देणारा क्रॉसओव्हर. त्याहून मोठं काही त्या खोलीत मावलं असतं, पण मग माणसाला बसायला जागा उरली नसती.

खोली ४.२ मीटर लांब, ३.१ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरायचा आणि त्याला प्रत्येक मापाच्या दुपटीने भागायचं. त्या दिशेला खोली आपसूक कुठे घुमते तो आकडा मिळतो. माझे आकडे आले ४१, ५५ आणि ६१ हर्ट्झ. डबल बेस या माणसाएवढ्या तंतुवाद्याची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ४१ हर्ट्झलाच बोलते, म्हणजे ती नेमकी खोलीच्या लांबीवर बसत होती. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली तर तो स्वर फुगणार, खोलीच्या मधोमध ठेवली तर जवळजवळ नाहीसा होणार. वरचे ५५ आणि ६१ एकमेकांना इतके चिकटून, की त्या पट्ट्यात घुमण्याची भर पडणार हेही उघडच होतं.

या तीन आकड्यांनी माझी अर्धी निवड केली. छोट्या स्पीकरच्या जाहिरातीत तो किती खाली जातो याचं कौतुक असतं. पण माझ्या खोलीत ४० हर्ट्झपर्यंत दमदार खर्ज देणारा स्पीकर म्हणजे आधीच घुमणाऱ्या जागेला आणखी इंधन. मला साठ-सत्तरच्या खाली हळूहळू, सभ्यपणे उतरत जाणारा स्पीकर हवा होता. तळाचा थोडा भाग खोली स्वतःच भरून काढणार होती.

इथे पेट्यांचे दोन प्रकार समोर येतात. पोर्ट असलेली पेटी आणि सीलबंद पेटी. पोर्ट म्हणजे कॅबिनेटला पाडलेलं नळीसारखं भोक. आतली हवा ठरावीक कंपनाला त्या नळीतून बाहेर येऊन वूफरला मदत करते. फायदा खरा आहे. तेवढ्याच वूफरमधून जास्त खर्ज मिळतो. पण पोर्ट ज्या कंपनाला जुळवलेला असतो त्याच्या खाली आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो, आणि वूफरच्या पडद्याला मागून धरणारं काही उरत नाही. सीलबंद पेटीत उतार आधी सुरू होतो, पण तो दर सप्तकाला १२ डेसिबलच. आत कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते. याच कल्पनेवर एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-१ बाजारात आणला आणि कपाटाएवढ्या पेटीशिवाय खर्ज मिळत नाही हा समज मोडला. वूफरचा पडदा मुद्दाम सैल टांगायचा आणि त्याला परत जागेवर आणायचं काम हवेवर सोपवायचं, एवढीच ती युक्ती.

तरी फुकट काहीच नसतं. केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी हॉफमन यांच्या नावाने या क्षेत्रात एक नियम सांगतात: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या ताकदीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कुठल्याही दोनच गोष्टी घ्या. पेटी लहान हे माझं आधीच पक्कं होतं. उरलेल्या दोहोंपैकी काय सोडायचं हे ठरवायला आधी माझ्या अ‍ॅम्प्लिफायरची पुंजी मोजायला हवी होती.

तो हिशेब मी कागदावर केला, आणि तो प्रत्येकाने करावा असं माझं ठाम मत आहे, कारण त्याने निम्म्या चर्चा बंद होतात. माझी खुर्ची स्पीकरपासून अडीच मीटरवर. मला सर्वसाधारण ऐकताना ७५ डेसिबल पुरतात, पण संगीतातले एकाएकी येणारे आघात त्याच्या २० डेसिबल वर सहज जातात. म्हणजे खुर्चीपाशी ९५ डेसिबलची सोय हवी. एका वॅटला एक मीटरवर ८४ डेसिबल देणारा स्पीकर घेतला तर अडीच मीटरवर त्यातले ८ गेले, दोन स्पीकर म्हणून ३ मिळाले, उरले ७९. पंचाण्णव गाठायला १६ डेसिबल कमी, म्हणजे साधारण ४० वॅट. तोच स्पीकर ८८ डेसिबलचा असता तर १६ वॅटमध्ये भागलं असतं. खोलीच्या भिंतींकडून परत येणारा आवाज मी यात धरलेलाच नाही, तो नफ्यात. माझा अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहम रोधाच्या स्पीकरला ५० वॅट देणारा. ८४ चा स्पीकर चालणार होता, जेमतेम का होईना. मग मी मोठ्या आवाजाचा हट्ट सोडला.

माहितीपत्रकातला हा आकडा वाचताना एक बारीक गोम सांभाळावी लागते. मोजमाप बहुतेक ठिकाणी २.८३ व्होल्टला दिलेलं असतं. ८ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टेजवर बरोबर १ वॅट जातो, पण ४ ओहमच्या स्पीकरला २ वॅट. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरवर ८७ लिहिलेलं असेल तर वॅटमागे तो ८४ च आहे. खोटं कुणी लिहिलेलं नसतं, फक्त ३ डेसिबल तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या खिशातून गेलेले असतात.

घरी आणून निवांत ऐकता येतील अशाच जोड्या मी विचारात घेतल्या. शेवटी तीन उरल्या. पहिली साडेसोळा सेंटिमीटर वूफरची, मागे पोर्ट असलेली, दिसायला भारदस्त. दुसरी तेरा सेंटिमीटर वूफरची, सीलबंद, ट्वीटरभोवती आवाजाला दिशा देणारा, उथळ बशीसारखा वेव्हगाइड. तिसरी कोअ‍ॅक्सियल, म्हणजे वूफरच्याच मध्यभागी ट्वीटर बसवलेली, पोर्ट पुढे. ही शेवटची कल्पना जुनीच आहे. केईएफ या स्पीकर कंपनीने १९८८ मध्ये आपला युनि-क्यू याच पद्धतीने आणला.

मोठ्या वूफरचा पडदा तेरा सेंटिमीटरवाल्याच्या साधारण दीडपट क्षेत्रफळाचा. एक सप्तक खाली जाऊन आवाज तेवढाच राखायचा तर वूफरला चौपट हवा ढकलावी लागते, त्यामुळे खर्जात तो पुढे असणार यात वाद नव्हता. पण मोठ्या वूफरची दुसरी बाजू मधल्या पट्टीत दिसते. आवाजाची तरंगलांबी पडद्याच्या व्यासाएवढी होऊ लागली की वूफर सगळीकडे आवाज पसरायचं सोडून समोरच झोत टाकायला लागतो. अडीच हजार हर्ट्झला तरंगलांबी असते जेमतेम १४ सेंटिमीटर. नेमकं तिथेच क्रॉसओव्हर वूफरकडून काम काढून अडीच सेंटिमीटरच्या ट्वीटरकडे देतो, आणि हा चिमुकला पुन्हा चहूकडे आवाज फेकू लागतो. समोरून मोजलं तर कुठल्या कंपनाला किती आवाज याचा आलेख सरळ. बाजूने मोजलं तर वूफरच्या वरच्या टोकाला खळगा आणि ट्वीटर सुरू होताच उंचवटा. बाजूला गेलेला आवाज भिंतीवरून उलटून शेवटी आपल्याकडेच येतो, त्यामुळे हा खाचखळगा ऐकू येतोच. वेव्हगाइड आणि कोअ‍ॅक्सियल ही दोन्ही त्याच दुखण्यावरची औषधं.

म्हणून मी समोरच्या आलेखापेक्षा बाजूचे आलेख जास्त वेळ पाहत बसले. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हार्मन या स्पीकर कंपनीमध्ये पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. समोर सपाट आणि बाजूला गुळगुळीत उतरत जाणारे स्पीकर श्रोत्यांना सातत्याने आवडले, हे त्या कामाचं सार. याच विचारातून पुढे स्पीकरभोवती दर १० अंशांवर, आडव्या आणि उभ्या वर्तुळात मिळून ७० मोजमापं घ्यायची पद्धत रुळली. ते आलेख असलेला स्पीकर आणि नुसतं ‘५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ छापलेला स्पीकर यांत मी पहिल्यालाच वेळ देते. किती डेसिबल इकडेतिकडे हे न सांगता दिलेल्या त्या दोन टोकांना काहीच अर्थ नाही.

आलेख नावडत्यांना गाळायला पुरतात. आवडता निवडायला कान लागतात, आणि कानांना फसवायला फार काही लागत नाही. अर्ध्या-एक डेसिबलने जोरात वाजणारा स्पीकर जोरात वाटत नाही, चांगला वाटतो. त्यामुळे तिन्ही जोड्यांचा आवाज आधी एका पातळीवर आणला. त्यासाठी ५०० ते २००० हर्ट्झपुरता मर्यादित केलेला पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट, वापरला, कारण खालच्या पट्टीत खोलीचे चढउतार मोजमाप बिघडवतात. फोनवरचं मापक यासाठी चालतं; खरा आकडा त्याला कळत नसला तरी एकाच जागी ठेवून फरक तो नीट सांगतो.

दुसरं, मी प्रत्येक जोडीतला एकच स्पीकर वाजवला. दोन स्पीकर लागले की स्टेरिओचा प्रशस्तपणा दोष पोटात घालतो. मोनोमध्ये तेच दोष उघडे पडतात. पातळ, आवाज न अडवणाऱ्या कापडाचा पडदा टांगला आणि मागे थोरल्या भावाला बसवलं. प्रत्येक वेळी स्पीकर त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवायचा ही त्याची जबाबदारी.

“दादा, कुठला लावलायस ते अजिबात सांगायचं नाही हं.”

“सांगत नाही गं. पण तू ‘हाच तो मोठा’ म्हणून माझ्या तोंडाकडे बघू नकोस.”

“पडदा आहे मध्ये!”

“म्हणूनच म्हटलं, वाकून बघू नकोस.”

काय ऐकायचं हे मी आधी लिहून ठेवलं होतं. सर्वांत आधी नुसतं बोलणं, पुरुषाच्या आवाजातलं वाचन. मनुष्याचा आवाज आपण आयुष्यभर ऐकत आलेलो असतो, तिथे कान लवकर फसत नाही. पेटी नीट बांधलेली नसेल तर बोलणारा माठात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. मग स्त्रीचं गाणं, वरच्या सप्तकातल्या लांब ताना. मग नुसता तानपुरा. यासाठी तानपुऱ्यासारखी परीक्षा नाही असं माझं मत. जवारी नीट लागलेली असेल तर एकाच तारेतून स्वरांची अख्खी शिडी उलगडत जाते, आणि स्पीकर कुठल्याही एका पायरीवर जास्त जोर देत असेल तर ती पायरी पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. त्यानंतर पियानो, डग्गा आणि डबल बेस.

पहिल्या पाच मिनिटांत एक स्पीकर सरळ पुढे होता. खर्ज भरदार, झांजा चमकदार, सगळं कसं हाताला लागेल असं. तानपुरा लागला आणि चित्र बदललं. मधल्या-वरच्या भागात एक पायरी सारखी टोचत होती, आणि गायिकेचा आवाज वर चढला की त्याला किंचित धार येत होती. मी वहीत ‘टोचरा’ लिहिलं. पुढच्या फेऱ्यांत हा शब्द त्याच स्पीकरपुढे येत गेला. पडद्यामागे होता साडेसोळा सेंटिमीटरवाला. बाजूचा आलेख जे दाखवत होता तेच कान सांगत होते. पहिल्या दहा मिनिटांत भुरळ घालणाऱ्या चमकदार आवाजावर माझा तेव्हापासून भरवसा नाही. तो स्पीकर तासाभराने आवाज कमी करायला लावतो.

उरलेले दोघे तोडीस तोड निघाले. कोअ‍ॅक्सियल बोलण्यात काकणभर सरस. शिवाय उठून उभं राहिलं तरी त्याचा आवाज बदलत नव्हता. वूफर आणि ट्वीटर वर-खाली असले की क्रॉसओव्हरच्या जवळ दोघांचे आवाज उंचीप्रमाणे एकमेकांना खोडतात, एककेंद्री रचनेत ती भानगड नाही. सीलबंदचा डग्गा मात्र ऐकण्यासारखा होता. मींड घेताना तळहाताखाली स्वर कसा दबत जातो आणि थाप कुठे संपते, दोन्ही स्पष्ट. कोअ‍ॅक्सियलमध्ये थाप संपल्यावर पोर्टाची जराशी शेपटी मागे राहत होती. दादाचं मत कोअ‍ॅक्सियलला पडलं आणि त्याच्या खोलीसाठी ते योग्यही ठरलं असतं.

खालचे सूर यापैकी एकाही स्पीकरमध्ये पूर्ण नव्हते. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा आहे. एवढ्या पेटीतून तो मूळ रूपात येणं शक्यच नाही. तरीही स्वर ओळखू येतो, कारण वरच्या पटींतल्या कंपनांवरून मेंदू गाळलेला पाया स्वतःच भरून घेतो. पायाचा धक्का तेवढा छातीला जाणवत नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेला एलएस३/५ए हा साधारण ५ लिटरचा सीलबंद स्पीकर आजही लोक जपून ठेवतात. त्यात खोल खर्ज नाही. वरच्या खर्जाला किंचित उठाव आहे, आणि माणसाचा आवाज कमालीचा खरा. लहान पेटीकडून काय मागावं हे ज्याने त्याने ठरवायचं. मला आवाज खरा हवा होता.

निर्णय शेवटी जागेने केला. माझ्या खोलीत स्पीकर भिंतीपासून फार पुढे आणता येत नव्हते. वूफरचं तोंड स्पीकरच्या मागच्या भिंतीपासून जितकं दूर, तितक्या अंतराच्या चौपटीने ३४३ ला भागलं की त्या कंपनाला भिंतीवरून उलटलेला आवाज मूळ आवाजाला खोडतो. ६० सेंटिमीटरवर ठेवले तर खड्डा १४३ हर्ट्झला पडतो, म्हणजे थेट पुरुषी आवाजाच्या आणि डग्ग्याच्या प्रदेशात. तिथे इलाज करायचा तर भिंतीवर जाडजूड शोषक रचावे लागतात. उलट स्पीकर भिंतीच्या जवळ नेले तर खड्डा वर सरकतो, आणि वरचा खड्डा बुजवणं सोपं असतं. सीलबंद पेटीला मागे पोर्ट नाही, तिचा उतार आधीच सुरू होतो, त्यामुळे भिंतीजवळ मिळणारा जादा खर्ज तिला पथ्यावर पडतो. पोर्टवाल्या कोअ‍ॅक्सियलला तोच जादा झाला असता. पोर्टात स्पंजचा बोळा घालून त्याला आवरता येतं, पण ज्या गोष्टीसाठी पोर्ट घेतला तीच बुजवायची यात मला मौज वाटेना.

मग मांडणी. पेटीची खोली २२ सेंटिमीटर, मागे १२ सेंटिमीटर मोकळे, त्यात भिंतीला १० सेंटिमीटर जाडीचा रॉकवूलचा कापडात गुंडाळलेला पॅनेल. वूफरचं तोंड भिंतीपासून ३४ सेंटिमीटरवर आलं, खड्डा २५० हर्ट्झच्या आसपास गेला आणि तिथे तेवढ्या जाडीचं रॉकवूल काम करतं. बसल्यावर माझे कान जमिनीपासून ९२ सेंटिमीटरवर, ट्वीटर पेटीच्या तळापासून २२ वर, म्हणून स्टँड ७० सेंटिमीटरचे. खुर्ची तिच्या मागच्या भिंतीपासून सव्वा मीटर पुढे घेतली. बाजूच्या भिंतीवर पहिला परावर्तित आवाज कुठे आदळतो ते आरशाने शोधलं: एकाने आरसा भिंतीवरून सरकवायचा, खुर्चीतून ज्या जागी ट्वीटर दिसेल तिथे खूण करायची. त्या जागी पुस्तकांची मांडणी आली, दुसऱ्या बाजूला जाड पडदा.

स्पीकर किती आत वळवायचे याला नियम नाही. पूर्ण कानाकडे वळवले तर गाणारी नेमकी मध्ये उभी राहते पण वरची पट्टी जरा पुढे येते. सरळ ठेवले तर मोकळेपणा वाढतो आणि मध्य विरळ होतो. माझे ट्वीटर आता खांद्यांच्या थोडे बाहेरून जातील असे वळलेले आहेत. इथे तारांचं एकदा तपासून घ्यायला हवं. एका बाजूची लाल-काळी उलट लागली तर खर्ज नाहीसा होतो आणि गायिका खोलीभर विखुरते. बाकी तारेबद्दल बोलण्यासारखं फारसं नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा तीन मीटरला जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहमच्या आसपास येतो; स्पीकरच्या ६-८ ओहमपुढे तो कुठे जाणवणार?

सगळं जागेवर बसल्यावर कॅलिब्रेट केलेला यूएसबी मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर वापरून खुर्चीपाशी मोजलं. खोलीच्या आणि भिंतीच्या मदतीने खर्ज ४५ हर्ट्झपर्यंत टिकत होता. ५५ आणि ६१ चा जोड-उंचवटा कागदावर दिसला होता तसाच आला. अ‍ॅम्प्लिफायरआधी लावलेल्या इक्वलायझरवर, म्हणजे ठरावीक पट्टीचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, त्या एका जागी काप घेतला. खड्डे मात्र इक्वलायझरने भरायला जाऊ नये. तिथे आवाज ढकलला की वूफर दमतो आणि भिंत तो पुन्हा खोडून टाकते.

सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, सध्या घेतलेला नाही. घेतला तर तो ८० हर्ट्झच्या खालचं काम करेल, आणि सीलबंद स्पीकरचा हळुवार उतार त्याला जुळवायला सोपा जातो, हाही हिशेब निवडीत होता. तोवर पियानोच्या डाव्या टोकाचे आठ-नऊ स्वर मी मेंदूच्या भरवशावर ऐकते.